काटा लाल रेघेवर

ऑइल गळलं तर जमिनीवर डाग राहतो. डिझेल गळलं तर त्यावर धूळ बसते आणि गाडीच्या पोटाला काळा, ओलसर पट्टा दिसतो. पाणी गळलं तर गंजाचा ओघळ उतरतो. पेट्रोल मात्र गळतं आणि उडून जातं. मागे उरतो तो वास, आणि वास गाडीभर असतो. तो नेमका कुठून सुरू झाला हे नाकाला सांगता येत नाही. म्हणून आमच्या धंद्यात इंजिन उघडणं सोपं आणि पेट्रोलची गळती शोधणं अवघड समजतात.

सातपूरला मी सतरा वर्षं गॅरेज चालवलं. त्याआधी अकरा वर्षं तिथल्याच एका कंपनीत तपासणी विभागात होतो. मायक्रोमीटर लावायचा, माप घ्यायचं, वहीत लिहायचं, सही करायची. कंपनी बंद पडली तेव्हा हातात तेवढंच कसब होतं. गाड्यांची आवड होती, पण मेकॅनिक मी नव्हतो. मेकॅनिक होते रशीदभाई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, भद्रकालीच्या जुन्या वस्तीत वाढलेले, आणि बॉनेटवर नुसता हात ठेवून इंजिनाचं दुखणं ओळखणारे. ते हातानं काम करायचे, मी वहीनं. भांडण फारसं झालं नाही, कारण एकमेकांचं काम दोघांनाही येत नव्हतं.

गळती शोधायची आमची रीत साधी होती. गाडीचं पोट आधी धुऊन, पुसून, कोरडं करायचं. मग सगळ्या पाइपांवर, जोडांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर शिंपडायची. खाली पांढरा पुठ्ठा सरकवायचा आणि थांबायचं. जिथे पावडर पहिल्यांदा ओली होते तिथे गळती. शब्द महत्त्वाचा तो ‘पहिल्यांदा’. थेंब पडतो ती जागा गळतीची नसते. थेंब पाइप धरून, चासी धरून, वाऱ्याबरोबर हवा तितका प्रवास करतो आणि त्याला वाटेल तिथे खाली पडतो.

निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार पिकअप घेऊन आले होते. मागच्या चाकांपाशी डिझेलचा पट्टा. आधीच्या दोन गॅरेजांत टाकी उतरवून जोडून झाली होती, पट्टा तसाच. आम्ही पावडर मारली. ती ओली झाली ती पुढे, इंजिनाजवळच्या परतीच्या पाइपाला. डिझेल तिथून निघून सात फूट मागे जाऊन पडत होतं. सहा इंचांचा पाइप बदलला, पट्टा बंद. त्यांनी पावडरचा डबा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“लय हुशार हाय तुमची पावडर,” ते म्हणाले. “बायकोच्या डब्यात हीच हाय. तिनं कधी काय सांगितलं नाय.”

अशा कामांनी थोडं नाव झालं. वास येतोय, सापडत नाही, अशी गाडी असली की लोक सातपूरला पाठवायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि अजूनही आहे. म्हणूनच पुढची हकिकत मी कुणाला फारशी सांगितलेली नाही.

त्याआधी भिंतीवरच्या बोर्डाबद्दल सांगायला हवं. गॅरेज सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं रशीदभाईंवर आळ घेतला. टाकी अर्धी होती, पाव राहिली, पेट्रोल काढलंत, म्हणून चार माणसांसमोर वाटेल ते बोलला. गाडीला पेट्रोल फिरवून बघताना लागतं, धुताना लागतं, पण अर्ध्याचं पाव होत नाही, आणि रशीदभाईंनी ते घेतलेलं नव्हतं हेही मला ठाऊक होतं. पण पुरावा नव्हता. गाडी आत घेताना काटा कुठे होता हे आम्ही लिहिलेलंच नव्हतं. रशीदभाई दोन दिवस कामावर आले नाहीत.

ते परत आले तेव्हा भिंतीवर बोर्ड लागलेला होता. ‘गाडी देताना टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवावे.’ आणि टेबलावर नवी वही होती. गाडीचा नंबर, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, गिऱ्हाइकाची सही. गाडी परत देताना पुन्हा तेच. गॅरेजला गाडी द्यायची तर टाकी जवळजवळ रिकामी करून द्यायची, हे लोक तसंही करतातच. आम्ही ते लेखी केलं. नंतर शेवटपर्यंत पेट्रोल काढल्याची एकही तक्रार आली नाही. रशीदभाईंना मात्र वही कधीच आवडली नाही. “माझं इमान तुम्ही काट्यानं मोजता साहेब,” असं ते एकदा म्हणाले होते. मी म्हटलं, तुमच्यासाठीच मोजतोय.

शोभाताई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा नव्याण्णव साल सुरू होतं. त्यांच्या यजमानांची नोकरी गेली होती, त्यात पाठीचं दुखणं. घरात एक जुनी पेट्रोल व्हॅन होती. ती चालवायला त्या स्वतः शिकल्या आणि शाळेची मुलं नेऊ लागल्या. सातपूर कॉलनी, अशोकनगर इथली अकरा मुलं, सिडकोतल्या शाळेत. त्या काळात बाई व्हॅन चालवते म्हटल्यावर लोक वळून बघायचे. मुलं त्यांना मावशी म्हणायची. अकरा मुलांवर ते घर चालत होतं, आणि त्यांना दुसरा आधार नव्हता.

तक्रार अशी होती की व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येतो, पण रोज नाही. एका पहिलीतल्या मुलीला दोनदा उलटी झाली होती. पालक कुरकुर करू लागले होते. अशा व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि टाकी मागे, मुलं बसतात त्या पत्र्याच्या खाली. त्यामुळे वासाची तक्रार मी हलकी घेतली नाही. शनिवारी दुपारी शाळा लवकर सुटली की त्या गाडी आणायच्या, कारण रविवारी सुट्टी. आठवड्यात गाडी एक दिवसही उभी ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पहिल्या शनिवारी आम्हाला कार्बोरेटरचा फ्लोट, म्हणजे आतला तरंगता गोळा, अडकत असलेला सापडला. त्यातून पेट्रोल वर येऊन ओघळतं, वास पुढून येतो. फ्लोटची सुई बदलली. रशीदभाईंनी फिरवून आणली, वास नाही. नऊ दिवसांनी शोभाताई दारात.

“भाऊ, वास आहे.”

दुसऱ्या शनिवारी पंपापासून टाकीपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलले. जुने काही फार वाईट नव्हते, पण संशय ठेवायचा नाही असं ठरवलं. पावडर मारली, पुठ्ठा सरकवला, तासभर इंजिन चालू ठेवलं. पावडर कोरडी. मधले चार-पाच दिवस बरे गेले असं त्या म्हणाल्या, मग परत.

तिसऱ्या खेपेला त्या जरा वैतागूनच आल्या. शाळेच्या बाईंनी मुलांच्या दप्तरांना वास येतो म्हणून विचारलं होतं. पालकांत एक गृहस्थ कंपनीत अधिकारी होते. गॅरेजकडून लेखी आणा, नाहीतर मुलांची दुसरी सोय बघतो, असं त्यांनी बजावलं होतं. शोभाताई मला म्हणाल्या, “तुम्ही वेळ घ्या, पण नीट बघा. मला वाटतं सोमवारीच येतो तो. सोमवारी आणि मंगळवारी दुपारपर्यंत. पोरं तर सोमवारला पेट्रोलवार म्हणतात.”

मी हसलो. “ताई, गाडीला वार कळत नाही.”

हे वाक्य मी बोललो. वहीत लिहिलेलं नाही, पण मला शब्दन्‌शब्द आठवतं.

त्या दिवशी आम्ही चार तास घालवले. मी त्यांच्याकडून महिन्याचं पेट्रोल आणि किलोमीटर विचारून घेतले, गणित मांडलं. बाराचं अॅव्हरेज बसत होतं, सुरुवातीपासून तेवढंच. पेट्रोल कुठे जात असतं तर अॅव्हरेज पडलं असतं, असा माझा हिशेब. फिरवून बघितली, थांबवून बघितली, गरम करून बघितली. पुठ्ठ्यावर एक थेंब नाही. रशीदभाई मान हलवत होते. “वास झूठ नाही बोलत साहेब,” ते म्हणाले. “कुठं तरी आहे.” पण कुठे, ते त्यांनाही सांगता येईना.

मी लेटरहेडवर लिहून दिलं. ‘सदर व्हॅन पूर्ण तपासली. इंधनाची गळती नाही.’ खाली सही, तारीख, शिक्का. शोभाताईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी मी माझ्या स्कूटरची टाकी तोंडोतोंड भरली. दुसऱ्या दिवशी वणीला मेव्हण्यांकडे जायचं होतं, आणि वाटेत पंपावर थांबायचा मला कंटाळा. सोमवारी सकाळी सहा चाळीसला मी चहा घेत होतो. रविवारी गॅरेजची वही घरी आणून आठवड्याची बेरीज करायची माझी सवय, म्हणून वही समोरच होती. सौ. अंगण झाडून आत आली आणि म्हणाली, “गळती शोधणाऱ्याच्या दारात पेट्रोलचा वास. लोक काय म्हणतील?”

बाहेर जाऊन पाहिलं. स्कूटर रात्री साइड स्टँडवर तिरकी लावली होती. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, झाकणाची वायसर जुनी, आणि खालच्या बाजूनं पेट्रोल झिरपत होतं. मी स्कूटर सरळ केली. झिरपणं थांबलं. पुन्हा तिरकी केली, पुन्हा सुरू. ती वायसर महिनाभर खराब असणार. महिनाभरात मी टाकी भरलीच नव्हती.

तेवढं डोक्यात आलं आणि मी आत येऊन वही उघडली. शोभाताईंच्या तीन नोंदी. पहिला शनिवार, काटा लाल रेघेवर. दुसरा शनिवार, काटा लाल रेघेवर. तिसरा शनिवार, काटा लाल रेघेवर. माझ्याच अक्षरात, तीन सह्यांसकट.

मग उरलेला हिशेब करायला एक मिनिट लागलं नाही. टाकी छत्तीस लिटरची. दोन वेळच्या शाळेच्या फेऱ्या मिळून रोज बासष्ट किलोमीटर. रोज सव्वापाच लिटर. सोमवारी सकाळच्या घाईत रांग नको म्हणून शोभाताई रविवारी संध्याकाळी टाकी पूर्ण भरायच्या, हे त्यांनीच सांगितलं होतं. सोमवार, मंगळवार टाकी वरच्या अंगाला भरलेली. शनिवारी दुपारी माझ्या दारात येईपर्यंत उरले पाच लिटर. गाडीला वार कळत नव्हता, पण टाकीतली पातळी वारांप्रमाणे उतरत होती. आणि आम्ही तीन वेळा जी गाडी तपासली ती रिकामी गाडी होती. ज्या भागात फक्त भरलेल्या टाकीचं पेट्रोल पोचतं, तो भाग आमच्याकडे कधी ओलाच झाला नव्हता.

असा भाग एकच. टाकीचं तोंड. बाहेरच्या झाकणापासून खालच्या टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप. त्या व्हॅनला तो डाव्या बाजूला होता. गाडी जोरात उजवीकडे वळली की टाकीतलं पेट्रोल डावीकडे उसळणार आणि त्या पाइपात चढणार. पाइप तडकला असेल तर बाहेर येणार. आणि त्याच्या खाली, वीतभर अंतरावरून, सायलेन्सरचा पाइप जात होता.

घड्याळात सहा पन्नास. आज सोमवार. टाकी भरलेली. शोभाताई साडेसहाला निघतात. त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजारी होता, पण त्या आता घरी नव्हत्या. सौ. विचारत होती काय झालं, मी काही न सांगता स्कूटर काढली. झाकण फडक्यानं आवळून घेतलं होतं एवढं आठवतं.

अशोकनगरच्या शेवटच्या थांब्यावर एक आजोबा नातवाला सोडून परत फिरत होते. व्हॅन आत्ताच गेली म्हणाले. म्हणजे त्र्यंबक रोड. पहिल्या पाळीची गर्दी होती, कंपन्यांच्या बस, सायकली, मोटारसायकली. मी आयुष्यात स्कूटर पन्नासच्या वर नेली नाही. त्या दिवशी काट्याकडे पाहिलंच नाही. डोक्यात एकच, आयटीआयच्या सिग्नलला त्या सिडकोकडे उजवीकडे वळतात. पुढे सर्कल, तिथे परत उजवीकडे. थोडा उशीर झालेला असला की त्या वळण जरा जोरातच घेतात, हे मी पाहिलेलं होतं.

सिग्नलच्या अलीकडे व्हॅन दिसली. मागच्या काचेतून डोकी दिसत होती, दोन वेण्या, एक टोपी. मी बाजूला जाऊन हात केला. शोभाताईंनी मला ओळखलं, हसल्या, आणि त्यांनीही हात केला. मग मी स्कूटर पुढे नेऊन आडवी घातली.

“चावी बंद करा. परत फिरवू नका. मुलांना खाली घ्या.”

“भाऊ, सात वाजलेत. काय झालं काय?”

“आधी मुलं.”

त्यांनी चावी बंद केली. मुलं उतरली, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. मी त्यांना रस्त्याच्या कडेला, वारा जिकडून येत होता त्या बाजूला, वीस पावलं लांब उभं केलं. एक रिक्षावाला काय झालं बघायला थांबला, त्याच्या तोंडात विडी होती. त्याला मी ज्या आवाजात पुढे जा म्हटलं तो माझा नेहमीचा आवाज नव्हता. त्यानं विडी लांब फेकून रिक्षा पुढे नेली आणि चालत परत आला.

मी व्हॅनखाली वाकलो. पाइप दिसत होता, पण अर्धा तो आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्टीखाली लपलेला. बोट फिरवलं. कोरडा. खाली रस्ता कोरडा. वास होता, पण आत होता तेवढाच.

शोभाताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांनी विचारलं, सापडलं का. मी नाही म्हटलं. मग त्यांचा आवाज चढला. आज उशीर झाला तर शाळेच्या बाई गेटवर थांबवतात, अकरा घरी चिठ्ठ्या जातात, मी काय सांगू, असं त्या बोलत होत्या. मी ऐकत होतो आणि पाइपाकडे बघत होतो. मग त्यांनी दार उघडून समोरच्या काचेखालची प्लॅस्टिकची पिशवी काढली. माझा कागद त्यांनी सगळ्या पालकांना दिसेल असा तिथे लावला होता.

“हे तुम्हीच लिहून दिलंय ना? गळती नाही म्हणून?”

“मीच दिलंय.”

“मग?”

“चुकीचं लिहिलंय मी.”

त्यांनी पिशवी खाली घेतली. मला वाटतं, त्या वेळी त्या घाबरल्या. तोवर त्या नुसत्या रागावलेल्या होत्या.

रस्ता सपाट होता, म्हणून काही दिसत नव्हतं. डांबराच्या कडेला मुरुमाची पट्टी उतरती होती. मी, रिक्षावाला आणि शोभाताई, तिघांनी मिळून इंजिन बंद ठेवूनच गाडी ढकलली आणि डावीकडची दोन्ही चाकं त्या उतारावर घेतली. गाडी डावीकडे कलली. आतलं पेट्रोल त्या बाजूला गेल्याचा आवाज आला. मी पुन्हा वाकलो.

आधी पाइपावरच्या पट्टीची कड ओली झाली. मग पाइपाच्या पोटाशी एक थेंब जमला, मोठा झाला आणि खाली सायलेन्सरवर पडला. चर्र झालं आणि जरासा धूर निघाला. मग दुसरा.

प्रत्येक थेंबाला आग लागते असं नाही. गरम पाइपावर पडून बहुतेक उडूनच जातात, म्हणून सहा आठवडे काही झालं नव्हतं. पण उडालेलं पेट्रोल तिथेच, त्या पत्र्याखाली साठतं, आणि त्याला एक ठिणगी पुरते. हे सगळं मला माहीत होतं. मी घड्याळ लावून थेंब मोजले. मिनिटाला चौदा. का मोजले ते मला सांगता येणार नाही. दुसरं काही सुचत नव्हतं.

पलीकडून ती वेण्यांची मुलगी ओरडली, “मावशी, गाडीनं सू केली.” सगळी मुलं हसली. शोभाताई वाकल्या होत्या, त्या तशाच खाली मुरुमात बसल्या.

“मी रोज इथून उजवीकडे वळते,” त्या म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, “सहा सोमवार झाले, भाऊ.”

गाडी पुन्हा ढकलून सपाटीवर घेतली. मुलांना दोन रिक्षांतून शाळेत पाठवलं, शोभाताई त्यांच्याबरोबर गेल्या. मी गाडीपाशी उभा राहिलो, रिक्षावाल्यानं रशीदभाईंना निरोप दिला. ते कॅन आणि नळी घेऊन आले. दहा लिटर काढून गाडी पुन्हा कलवून पाहिली, तेव्हा थेंब बंद झाले होते. मग दोरी बांधून गाडी सातपूरला नेली.

पाइप उतरवला तेव्हा चीर सापडली. पट्टीच्या कडेला, खालच्या बाजूला, नऊ मिलिमीटर. पाइप सरळ धरला तर दिसायची नाही, वाकवला की उघडायची. रबर जुनं होतं, दुसरं कारण नाही. रशीदभाईंनी ती चीर अंगठ्यानं दोन-चार वेळा उघडझाप केली आणि पाइप माझ्या टेबलावर, वहीवर ठेवला. मग भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं.

“चोर बाहेर ठेवायला दार लावलं तुम्ही साहेब,” ते म्हणाले. “बीमारी पण बाहेरच राहिली.”

त्यांनी मला दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. बोर्ड त्यांच्याचसाठी लावला होता हे त्यांनाही माहीत होतं. पण मला जे लागलं ते वेगळंच होतं. काटा कुठे होता हे मी दर वेळी काळजीनं लिहीत होतो. ते लिहिलं होतं आमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून. त्यात गाडीबद्दल काही लिहिलेलं आहे, हे तीन शनिवार माझ्या लक्षात आलं नाही. आणि जी बाई वहीशिवाय, नुसत्या नाकानं आणि पोरांच्या बोलण्यावरून बरोबर वार सांगत होती, तिला मी हसलो होतो.

त्याच आठवड्यात पालकांची बैठक झाली, त्या अधिकाऱ्यांच्या घरी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी शोभाताईंना म्हटलं, मी येतो. त्या म्हणाल्या, पाइप बदलला एवढं मी सांगेन, तुम्ही कशाला. तरी गेलो. आधीचा कागद चुकीचा होता, गाडी रिकामी तपासली, गळती टाकीच्या तोंडाशी होती, आता पाइप नवा आहे, असं सगळं सांगितलं. अधिकारी शांतपणे ऐकत होते.

“म्हणजे सहा आठवडे आमची मुलं त्याच्यावर बसून जात होती?”

“हो,” मी म्हटलं. “दोष माझा आहे, ताईंचा नाही. त्या पहिल्यापासून सांगत होत्या.”

चार मुलं कमी झाली. बाहेर पडल्यावर शोभाताई कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. मग म्हणाल्या, “पाइप बदलला एवढंच सांगितलं असतं तर अकराच्या अकरा राहिली असती.” त्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता, आणि तो बरोबर होता. मी बोललो ते योग्यच होतं असं मला अजूनही वाटतं. पण त्याची झळ मला लागली नाही, त्यांना लागली. जूनमध्ये चारांपैकी दोन मुलं परत आली. दोन आली नाहीत.

गॅरेज मी दोन हजार आठ साली दुसऱ्याकडे सोपवलं. तोवर गाड्यांत कार्बोरेटर गेले होते, पंप टाकीच्या आत बसायला लागले होते, आणि काय बिघडलं ते मशीन लावून वाचायचे. रशीदभाई त्याच्या तीन वर्षं आधी डोळ्यांमुळे थांबले. बोर्ड मी शोभाताईंची गळती सापडली त्या आठवड्यातच बदलला होता. ‘वासाची तक्रार असल्यास टाकी पूर्ण भरून आणावी.’ वही चालूच ठेवली. लोक बोर्ड वाचून माझ्याकडे संशयानं बघायचे.

पण सांगायचं राहिलं ते त्या आठवड्यातलं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी शोभाताई पंपावर टाकी भरून गाडी घेऊन आल्या. आम्ही ती रॅम्पवर घेतली, डावी बाजू खाली, मग उजवी, मग पुढचं तोंड वर. पावडर, पुठ्ठा, घड्याळ. शोभाताई स्टुलावर बसून होत्या. संपल्यावर त्यांनी पर्समधून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, आतला जुना कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, नवा द्या.

मी लेटरहेड घेतलं. ‘गळती नाही’ असं लिहायला हात जाईना. मी लिहिलं: टाकी भरलेली, छत्तीस लिटर. गाडी डावीकडे कललेली, चाळीस मिनिटे, इंजिन बंद. थेंब शून्य. उजवीकडे कललेली, वीस मिनिटे. थेंब शून्य. पुढची बाजू वर, वीस मिनिटे. थेंब शून्य. इंजिन चालू, सपाटीवर, तीस मिनिटे. थेंब शून्य. उजवी वळणे, पूर्ण टाकीवर, बारा. थेंब शून्य. नऊ ओळी झाल्या.

शोभाताईंनी कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवत वाचत गेल्या.

“एवढं सगळं कोण वाचणार, भाऊ?”

“मी वाचलंय,” मी म्हटलं.

त्यांनी तो पिशवीत घातला, काचेखाली लावला, आणि फाटकातून उजवीकडे वळल्या. मी रस्त्यावर जाऊन वळणावरची जमीन पाहून आलो.